सदाफुलीची परीक्षा

वाचकहो, सदाफुली पाहिली नाही असा माणूस आपल्या भागात सापडणे कठीण. अंगणात, शाळेच्या कुंपणाशी, दर्ग्याच्या आवारात, कब्रस्तानात, पडक्या भिंतीच्या फटीत, कुठेही ती उगवते. तिला कोणी मुद्दाम पाणी घालत नाही, पाला कडू म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही, आणि बारा महिने तिच्या अंगावर गुलाबी किंवा पांढरी फुले असतात. लहान मुलांच्या खेळातले हे झाड. परंतु घरात कोणाला साखरेचा आजार निघाला, की आठ दिवसांच्या आत शेजारपाजारचे कोणीतरी येऊन सांगते, "रोज सकाळी सदाफुलीची चार पाने चावून खा. गोळ्यांची गरज नाही."

या सल्ल्यात दोन निरनिराळी विधाने आहेत, हे आपल्या लक्षात आले असेल. सदाफुलीच्या पानाने रक्तातील साखर उतरते, हे पहिले. म्हणून गोळ्या बंद कराव्यात, हे दुसरे. पहिल्या विधानाची परीक्षा प्रयोगशाळेत झालेली आहे, आणि तिचा इतिहास इतका चमत्कारिक आहे की आपल्या विद्यार्थ्यांना तो माहीत असावा असे मला वाटते. दुसऱ्या विधानाकडे शेवटी येऊ.

सदाफुली मूळची आपल्याकडची नव्हे. आफ्रिकेच्या पूर्वेस असलेले मादागास्कर बेट हे तिचे माहेर. अठराव्या शतकात तिचे बी पॅरिसच्या राजोद्यानात आणि तेथून लंडनच्या चेल्सी येथील औषधी बागेत पोहोचले. १७५९ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला ‘विन्का रोझिया’ असे नाव दिले. आज तिचे शास्त्रीय नाव ‘कॅथरँथस रोझियस’ असे आहे, पण तिच्यापासून निघालेल्या औषधांच्या नावांत जुना ‘विन्का’ राहून गेला आहे. गोऱ्या लोकांच्या जहाजांबरोबर ती साऱ्या उष्ण प्रदेशांत पसरली, आणि जेथे गेली तेथे लोकांनी तिला औषधाच्या कामाला लावले. नवल असे, की एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या दक्षिण आफ्रिका, फिलिपाईन्स, जमेका आणि आपला देश या सर्व ठिकाणी तिचा पाला एकाच आजारावर चालू होता. तो आजार म्हणजे मधुमेह. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘विन्क्युलिन’ नावाचे तिचे तयार औषधही मधुमेहासाठी विकले गेले.

इतक्या देशांतले लोक एकच गोष्ट सांगतात त्या अर्थी त्यात काहीतरी तथ्य असलेच पाहिजे, असे आपण म्हणाल. तथ्य असू शकेल. पण लोक सांगतात एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. ही गोष्ट काही आजच्या शास्त्रज्ञांनी नव्याने शोधून काढलेली नाही. बू अली सीना, म्हणजे ज्यांना युरोप अॅव्हिसेना म्हणून ओळखतो, त्यांनी एक हजार वर्षांपूर्वी आपल्या ‘अल्-कानून’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात औषधाची परीक्षा कशी घ्यावी याचे सात नियम घालून दिले. ते इ. स. ९८० ते १०३७ या काळात होऊन गेले. मधुमेहाच्या रोग्याची लघवी गोड असते हे त्यांनाही ठाऊक होते. आपल्याकडे चरक-सुश्रुतांनी तर रोगाला नावच मधुमेह दिले.

सातही नियम येथे सांगत नाही, पण काही फार मोलाचे आहेत. औषधात दुसरे काही मिसळलेले नसावे. ज्याच्यावर परीक्षा घ्यायची त्याला एकच साधा रोग असावा, रोगांची गुंतागुंत नसावी. औषधाचा परिणाम किती वेळाने दिसतो ते पाहावे. तोच परिणाम नेहमी, किंवा निदान बहुतेकांत, दिसला पाहिजे. नाहीतर तो योगायोग समजावा. आणि शेवटचा नियम असा, की परीक्षा माणसाच्या शरीरावर झाली पाहिजे, कारण सिंहावर किंवा घोड्यावर घेतलेल्या परीक्षेवरून माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही. बू अली सीनांची शीत-उष्णाची उपपत्ती आधुनिक वैद्यकाने मागे टाकली आहे. पण हे नियम मागे पडलेले नाहीत.

आता आपल्या शेजाऱ्याचा दाखला या नियमांवर घासून पाहा. ज्या गृहस्थाची साखर सदाफुलीने उतरली असे तो सांगतो, त्या गृहस्थाने त्याच महिन्यात चहातली साखर सोडली, फजरनंतर दोन मैल चालायला सुरुवात केली, आणि डॉक्टरांची गोळीही निम्मी का होईना चालू ठेवली. मग साखर उतरली ती कशाने? पाल्याने, चालण्याने, की गोळीने? मी वर्गात हा प्रश्न घालतो तेव्हा नववीची मुले दोन मिनिटांत सांगतात, "सर, एका वेळी एकच गोष्ट बदलायला पाहिजे होती." मोठ्या माणसांना हे पटवायला अधिक वेळ लागतो.

असो. आता कॅनडाकडे वळू. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग हा तरुण डॉक्टर कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून मधुमेहावरचे द्रव्य काढण्याच्या खटपटीत होता. प्राध्यापक मॅक्लिऑड यांचे दोन विद्यार्थी त्याला मदतनीस म्हणून मिळायचे होते, चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल. आधी कोणी काम करायचे यासाठी दोघांनी नाणेफेक केली, असे सांगतात. बेस्ट पहिला ठरला. अर्धा उन्हाळा झाल्यावर नोबलची पाळी यायची होती. पण तोवर बेस्टचा हात कामात बसला होता, म्हणून तोच पुढे राहिला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले. पहिल्या वेळी अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध करून दिल्यावर दुसऱ्या वेळी गुण आला. बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबल हे आडनाव आणि नोबेल हे पारितोषिक यांचा काही संबंध नाही. त्या बिचाऱ्या क्लार्कला तर ते मिळालेही नाही.

तीस वर्षे लोटली. क्लार्क नोबल डॉक्टर म्हणून व्यवसाय करीत होते. १९५२ साली त्यांच्याकडे जमेकाहून एक पाकीट आले. त्यात सदाफुलीची पंचवीस पाने होती. त्यांच्या एका जुन्या रोग्याने ती पाठवली होती, आणि तेथील बायका इन्सुलिन मिळत नाही तेव्हा या पानांचा काढा चहासारखा पितात असे कळवले होते. क्लार्क यांनी ती पाने आपले धाकटे बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे धाडली. रॉबर्ट हे वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेत काम करीत होते, आणि ही प्रयोगशाळा इन्सुलिन शुद्ध करणाऱ्या त्याच कॉलिप यांची होती. रक्तातील साखर कशी मोजावी हे जगात ज्यांना सर्वांत चांगले कळत होते अशा माणसांच्या हाती, म्हणजे योग्य परीक्षकांच्याच हाती, हा पाला पडला.

परीक्षा सरळ होती. पानांचा अर्क उंदरांना तोंडाने द्यायचा आणि रक्तातील साखर मोजायची. तोंडावाटे देऊन साखरेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुसरा कोणी असता तर येथे वही मिटली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखादा बरा आकडा निवडून छापला असता. रॉबर्ट नोबल यांनी आणखी एक प्रयत्न केला. पाण्यात काढलेला अर्क त्यांनी उंदरांना सुईने दिला. साखर याही वेळी बधली नाही. पण आठवड्याच्या आत उंदीर मेले.

मेलेल्या उंदरांचे काय करायचे? प्रयोग साखरेचा होता आणि साखरेचे उत्तर मिळाले होते. पण त्यांनी उंदीर उघडून पाहिले. आत जागोजाग गळवे झाली होती. ज्या जंतूंमुळे ती झाली, त्यांना निरोगी उंदराचे शरीर सहज दाद देत नाही. मग यांना ती बाधा कशी झाली? रक्त तपासले तेव्हा उलगडा झाला. रक्तातील पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंशी लढणारी शरीराची फौज, झपाट्याने घटल्या होत्या. त्या जेथे तयार होतात तो हाडांच्या आतला मगज दबला होता. पाल्याने उंदरांना सरळ मारले नव्हते. त्याने त्यांची फौज काढून घेतली होती आणि मारले ते जंतूंनी.

येथे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून स्वतः विचार करावा. ज्या पदार्थाने पांढऱ्या पेशी घटतात तो विषारी, हे उघड आहे. पण असा एक रोग आहे की ज्यात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात आणि माणसाला खातात. तो रोग म्हणजे रक्ताचा कर्करोग. साखरेच्या परीक्षेत जो पाला नापास झाला, तो न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन गेला होता, आणि ते उत्तर वाचणारा माणूस समोर होता.

१९५४ साली चार्ल्स बिअर हे इंग्लंडहून आलेले रसायनशास्त्रज्ञ या कामात सामील झाले. पाल्यात अनेक प्रकारची कडू द्रव्ये, ज्यांना अल्कलॉइड म्हणतात, अगदी अल्प प्रमाणात असतात. त्यांतून नेमके एक वेगळे काढायचे म्हणजे गवताच्या गंजीतून सुई काढण्यासारखेच. बिअर यांनी ते काढले. पांढऱ्या पेशींवरील परिणामावरून त्याला व्हिन्कालुकोब्लास्टिन असे लांबलचक नाव मिळाले. पुढे ते व्हिन्ब्लास्टिन असे आटोपशीर झाले. १९५८ साली नोबल, बिअर आणि कट्स या तिघांनी न्यूयॉर्क येथे आपला निबंध सादर केला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी योगायोगाने झालेल्या निरीक्षणाचा उल्लेख केला आहे. आपण शोधत होतो एक आणि सापडले दुसरे, हे त्यांनी लपवले नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतील एलाय लिली या औषध कंपनीत गॉर्डन स्वोबोडा हे शास्त्रज्ञ सदाफुलीच तपासत होते. त्यांच्यापर्यंत ती फिलिपाईन्समधील मधुमेहाच्या गावठी औषधामुळे पोहोचली होती. त्यांनी रक्ताच्या कर्करोगाचे उंदीर घेतले, आणि अर्काने ते अधिक दिवस जगले. पुढे त्यांच्याकडून दुसरे द्रव्य निघाले, व्हिन्क्रिस्टिन. १९६३ साली त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. पेशी दुभंगून एकीच्या दोन होताना तिच्या आत सूक्ष्म तंतूंची एक चौकट उभी राहते. ही द्रव्ये ती चौकट उभी राहू देत नाहीत, आणि दुभंगणे अर्ध्यावर थांबते. जी पेशी जितक्या घाईने वाढते तिला तितका मार जास्त. व्हिन्क्रिस्टिन किती दुर्मिळ म्हणाल, तर एका ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो वाळलेला पाला लागतो.

१९६० च्या आसपास रक्ताचा कर्करोग झालेली बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत असत. आज प्रगत देशांत या रोगाच्या सर्वसाधारण प्रकारातील दहांपैकी नऊ मुले बरी होतात. हे श्रेय एकट्या सदाफुलीचे नाही, अनेक औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीचे आहे. पण त्या पद्धतीत व्हिन्क्रिस्टिन जवळजवळ नेहमी असते. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८० च्या दशकात एमसीपी-८४१ या नावाची उपचारपद्धती सुरू झाली, तीतही ते होते.

या इतिहासात एक खटकणारी बाजू आहे. काढा पिणाऱ्या जमेकातील त्या बायकांची नावे या कथेत येत नाहीत. औषधांच्या उत्पन्नातून मादागास्करला वाटा मिळाला नाही अशी तक्रार जगभर झाली. वनस्पती ज्या देशाची, लाभात त्याचाही हक्क, हे तत्त्व १९९२ च्या रिओ येथील जैवविविधता करारात आले. तोवर सदाफुलीची औषधे तीस वर्षे विकली गेली होती.

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. सदाफुली आणि सर्पगंधा या एकाच कुळातल्या वनस्पती. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांनी सर्पगंधेचा रासायनिक अभ्यास व्हावा म्हणून सलीमुझ्झमान सिद्दिकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कामाला लावले होते. हकीमसाहेब १९२७ मध्ये निवर्तले. सिद्दिकींनी १९३१ साली सर्पगंधेतून जी द्रव्ये काढली त्यांना हकीमसाहेबांची आठवण म्हणून अजमलीन, अजमलिसीन अशी नावे दिली. हेच अजमलिसीन पुढे सदाफुलीच्या मुळांतही आढळले आणि आज व्यापारासाठी तेथूनच काढले जाते. आपल्या अंगणातल्या रोपट्याच्या मुळाशी एका हकीमाचे नाव आहे, ते असे.

आता मूळ प्रश्नाकडे. सदाफुलीने साखर उतरते की नाही? नोबल यांच्या उंदरांत उतरली नाही. पण परीक्षा तेथेच संपली नाही. आंध्र विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ताज्या पानांचा रस सशांना तोंडाने दिला, तेव्हा निरोगी सशांची आणि रसायन देऊन मधुमेही केलेल्या सशांचीही साखर उतरली. तेव्हा लोकांची समजूत अगदीच निराधार होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ससा हा ससा आहे. बू अली सीनांचा सिंह आणि घोडा आठवा. माणसांत सदाफुलीचा पाला मधुमेहावर गुणकारी आणि निर्धोक आहे, असे भरवशाच्या चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही.

माणसांवरची परीक्षा कशी असते याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. बिबळ्याच्या लाकडाचा पेला बाजारात मिळतो. रात्री त्यात पाणी ठेवून सकाळी पितात. हिंदीत या झाडाला विजयसार म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने चार केंद्रांत ९७ रोग्यांवर विजयसार तपासला आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बारा आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. आकडा मोठा वाटतो. पण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी रक्ताची तपासणी असते, ती सरासरी ९.८ वरून ९.४ वर आली, म्हणजे थोडीच. शिवाय तुलनेसाठी औषध न दिलेला वेगळा गट त्यात नव्हता. आपण शिकलेल्या माणसांनी ६७ वाचून थांबू नये, पुढचे दोन आकडेही वाचावेत.

वनस्पतीतून मधुमेहाचे खरे औषध निघालेही आहे. युरोपात गॅलेगा नावाचे एक झुडूप आहे. त्यातील द्रव्याने साखर उतरते, पण मेंढ्या ते खाऊन मरतात. त्या द्रव्याच्या अभ्यासातून रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे कमी घातक भाऊबंद तयार केले. त्यांतील एकाचा मधुमेहींवर उपयोग पॅरिसचे डॉक्टर जॉं स्टर्न यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. तेच मेटफॉर्मिन. वाचकहो, आपल्यापैकी अनेक पालकांच्या खिशात या घडीला त्याची पट्टी असेल. ती फेकून देऊन जो पाल्याकडे वळतो, तो पारखून घेतलेली वनस्पती टाकून न पारखलेली उचलतो.

गोळ्या बंद कराव्यात या दुसऱ्या विधानाला कोणत्याही प्रयोगाचा आधार नाही. जमेकातील बायका काढा पीत होत्या त्या इन्सुलिन मिळत नव्हते म्हणून; मिळत असताना ते टाकून नव्हे. ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्याची सुई पाल्याच्या भरवशावर थांबवली तर ते काही दिवसांत जिवावर बेतते. मोठ्यांत नुकसान हळूहळू होते, डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा यांचे, म्हणून ते लवकर कळत नाही. पानाचा दोषही तसाच. पांढऱ्या पेशी घटल्या तर बाहेरून काही दिसत नाही, ताप येईपर्यंत. एका पानात कोणते द्रव्य किती हे पानागणिक, ऋतूगणिक बदलते. चार पाने म्हणजे किती औषध याचा हिशेब कोणालाही देता येणार नाही. गरोदर बाईने तर ते मुळीच तोंडात घालू नये, कारण पोटातल्या मुलाच्या पेशी सर्वांत घाईने वाढत असतात.

तरीही घरातले कोणी वडीलधारे ही पाने खात असतील तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. ते तुमच्या बोलण्याने थांबतीलच असे नाही, आणि डॉक्टर रागावतील म्हणून तेथे सांगणारही नाहीत. तुम्ही बरोबर जा, पाल्याचे नाव सांगा, किती दिवसांपासून आणि किती पाने हेही सांगा, आणि साखरेबरोबर रक्तातील पेशींची मोजणी करून घ्या. एकाच नळीभर रक्ताचे काम आहे.